गल्लीतले फोटो काढत राहिला आणि अख्ख्या वस्तीचा इतिहास सांभाळून गेला: ‘वन शॉट’ टीनी हॅरिसची गोष्ट

जवळपास ८० हजार निगेटिव्ह.

एका माणसानं, एका शहरात, बहुतेक करून एकाच वस्तीत आणि एका पेपरसाठी काढलेले हे फोटो. त्यात लग्नं आहेत, अंत्ययात्रा आहेत, चर्चमधले कार्यक्रम आहेत, शाळेतल्या पोरांच्या मॅच आहेत, न्हाव्याच्या दुकानात गप्पा मारत बसलेली माणसं आहेत. आणि त्याच ढिगात मध्येच मुहम्मद अली, जॉन केनेडी, ड्यूक एलिंग्टन अशी मंडळीही आहेत.

या माणसाचं नाव चार्ल्स हॅरिस. पण चार्ल्स म्हणून त्याला कोणी ओळखायचं नाही. लहानपणी एका नातेवाईक मुलीनं ठेवलेलं ‘टीनी’ हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. टीनी म्हणजे इवलासा.

हातात कॅमेरा आला की बहुतेक पोरांना युद्धावर जायचं असतं, जंगलात जाऊन वाघ टिपायचा असतं, नाहीतर मोठ्या मासिकाच्या कव्हरवर आपला फोटो हवा असतो. लोकल पेपरात उमेदवारी करायला गेलं की मात्र हातात येतात ती सत्कार, उद्घाटनं आणि बक्षीस समारंभ. चार महिन्यांत कंटाळा येतो. टीनी हॅरिस हेच काम सुमारे चाळीस वर्षं करत राहिला. आणि आज अमेरिकेच्या शहरी कृष्णवर्णीय जीवनाचा अभ्यास करायचा म्हटलं, की त्याच फोटोंपाशी यावं लागतं.

हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आधी त्याची वस्ती समजून घ्यायला लागते.

हिल डिस्ट्रिक्ट नावाची वस्ती

अमेरिकेतलं पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तीन नद्या, त्यांच्या काठानं भट्ट्या आणि दिवसाही काळवंडलेलं आभाळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या राज्यांमधून कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येनं उत्तरेतल्या शहरांकडं निघाली. दक्षिणेत गोऱ्यांचे जाचक कायदे होते, जमावाकडून जीव जायची भीती होती. उत्तरेत निदान कारखान्यात काम मिळेल ही आशा होती.

पिट्सबर्गला आलेली अशी बरीच कुटुंबं शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या टेकडीवर राहायला लागली. हा भाग म्हणजे हिल डिस्ट्रिक्ट. तिथं ज्यू होते, इटालियन होते, सीरियन होते. पण हळूहळू ही वस्ती कृष्णवर्णीयांची म्हणूनच ओळखली जायला लागली. वायली ॲव्हेन्यू हा तिथला मुख्य रस्ता. या रस्त्यावर दुकानं, चर्च, दवाखाने, सलून आणि रात्री उशिरापर्यंत जाझ वाजणारे क्लब होते.

याच वस्तीत २ जुलै १९०८ रोजी टीनीचा जन्म झाला. त्याच्या आईवडिलांचं वायली ॲव्हेन्यूवर ‘मॅसिओ’ नावाचं हॉटेल होतं. त्यामुळं लहानपणापासून त्याच्या आसपास माणसांचा राबता असायचा. मुक्कामाला आलेले, जेवायला आलेले, गप्पा मारायला आलेले. माणसं ओळखायची सवय त्याला तिथंच लागली असावी.

बेसबॉल, भाऊ आणि आकड्यांचा धंदा

तरुणपणी टीनी खेळाडू होता. बास्केटबॉल खेळायचा आणि बेसबॉलही. हिलमधल्या पोरांनी मिळून १९२० च्या दशकात जी टीम उभी केली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींमध्ये तो होता. हीच टीम पुढं ‘पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स’ या नावानं गाजली. त्या काळी गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग असायच्या. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सनसारखे दिग्गज या क्रॉफर्ड्सकडून खेळले.

टीनी काही तेवढा मोठा खेळाडू झाला नाही. पण त्याच्या घरात एक मोठं प्रस्थ होतं, ते म्हणजे त्याचा थोरला भाऊ विल्यम. लोक त्याला वूगी म्हणायचे.

वूगीचं वायली ॲव्हेन्यूवर ‘क्रिस्टल’ नावाचं सलून होतं. पण खरी कमाई होती ती आकड्यांच्या धंद्यातून. आपल्याकडं जसा मटका, तसा तिकडं ‘नंबर्स’. रोज तीन आकडे लावायचे आणि लागला तर पैसे. वूगी आणि त्याचा साथीदार गस ग्रीनली हे या धंद्यातले पिट्सबर्गचे राजे मानले जायचे.

धंदा बेकायदेशीर होता, यात वाद नाही. पण त्याला दुसरीही बाजू होती. बँका कृष्णवर्णीयांना उभं करत नव्हत्या. दुकान टाकायचं असो, घर घ्यायचं असो, की पोराला कॉलेजात पाठवायचं असो, हिलमधली माणसं मदतीसाठी या दोघांकडं जायची. क्रॉफर्ड्स टीमही पुढं ग्रीनलीनंच विकत घेतली.

टीनीनं काही काळ भावाच्या धंद्यात हातभार लावला, ड्रायव्हर म्हणूनही काम केलं. त्या मळलेल्या वाटेनं तो गेला असता तर कदाचित बक्कळ पैसा कमावला असता. पण १९३० च्या दशकात त्याच्या हातात कॅमेरा आला आणि गडी फिरला. कामाला सुरुवात करताना पैशांची मदत भावानंच केली.

शिकवणारं कोणी नव्हतं

टीनी फोटोग्राफीच्या कुठल्याही शाळेत गेला नाही. काढायचे, धुवायचे, चुकले की पुन्हा काढायचे, असाच तो शिकला.

सुरुवातीला त्यानं ‘फ्लॅश’ नावाच्या एका सचित्र मासिकासाठी काम केलं. हे मासिक वॉशिंग्टनहून निघायचं आणि त्यात कृष्णवर्णीय समाजाच्या बातम्या फोटोंसह यायच्या. पिट्सबर्गमधले फोटो टीनी पाठवायचा. म्हणजे आजच्या भाषेत फ्रीलान्सर. १९३० च्या दशकाच्या शेवटाला त्यानं हिलमध्येच सेंटर ॲव्हेन्यूवर स्वतःचा स्टुडिओ टाकला. लग्नाचे, बारशाचे, कुटुंबाचे फोटो काढायचे आणि पोट भरायचं.

त्याच सुमारास त्याचे फोटो ‘पिट्सबर्ग कुरियर’मध्ये यायला लागले. आधी फ्रीलान्सर म्हणून आणि मग पेपरचा माणूस म्हणून. १९७५ पर्यंत हे नातं टिकलं.

पेपर छोटा होता, आवाका छोटा नव्हता

कुरियरची गोष्टही भारी आहे. १९०७ साली हाइन्झच्या कारखान्यात पहारेकरी असलेल्या एडविन हार्लस्टन या माणसानं हा पेपर सुरू केला. त्याला कविता लिहायचा नाद होता. छापायला जागा मिळेना, म्हणून त्यानं स्वतःच पेपर काढला. अर्थात एकट्याच्या जीवावर तो फार काळ चालणार नव्हता. १९१० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली आणि पुढं रॉबर्ट व्हॅन नावाच्या वकिलानं संपादक म्हणून सूत्रं हातात घेतली. व्हॅननं हा पेपर कुठल्या कुठं नेऊन ठेवला.

कुरियर साप्ताहिक होतं. पिट्सबर्गसाठी शहर आवृत्ती आणि बाकी देशासाठी वेगळ्या आवृत्त्या. रेल्वेच्या पुलमन डब्यांमध्ये काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी या पेपरचे गठ्ठे दक्षिणेतल्या गावागावांत पोचवायचे. १९४० च्या दशकात त्याचा खप तीन लाखांच्या पुढं गेला होता.

या पेपरचा भारताशीही एक धागा आहे. कुरियरचा वार्ताहर फ्रँक बोल्डन दुसऱ्या महायुद्धात वार्तांकनासाठी आशियात आला होता. तेव्हा तो भारतातही आला आणि गांधीजी व नेहरूंना भेटून गेला.

असा पेपर असताना टीनीला काय जगभर हिंडता आलं असतं, असं वाटेल. पण त्याचा मुलूख ठरलेला होता. तो शहर आवृत्तीचा फोटोग्राफर होता. बोल्डननं भारत बघितला, टीनीनं हिल बघितली.

लोकल पेपरचा फोटोग्राफर नेमकं करतो काय?

इथंच या कामाची खरी गंमत आहे.

त्या काळात पिट्सबर्गमध्ये गोऱ्यांची मोठी दैनिकं होती. त्यात कृष्णवर्णीय माणसाचा फोटो यायचा तो बहुतेक वेळा कुठं चोरी झाली, कुठं खून पडला, तेव्हाच. हिलमध्ये एखाद्या मुलीनं कॉलेज पूर्ण केलं, एखाद्यानं नवं दुकान टाकलं, चर्चला पन्नास वर्षं झाली, तर त्याची बातमी या दैनिकांना बातमीच वाटायची नाही.

ती बातमी कुरियर छापायचा. आणि फोटो टीनीचा असायचा.

त्यामुळं त्याची यादी आज वाचायला साधी वाटते. महिला मंडळाची बैठक. सौंदर्यस्पर्धा. मिरवणूक. पोरांची बेसबॉल टीम. गिरणी कामगार. नर्सिंगची पदवी घेतलेल्या मुली. नवी कोरी गाडी आणि तिच्याशेजारी तोऱ्यात उभा असलेला मालक. अपघात. आग. पोलिसांनी पकडलेला माणूस. रात्री क्लबमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा कलाकार. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना करणारं तेच कुटुंब.

पण ज्यांचे फोटो इतर कुठंच नीट छापून येत नव्हते, त्यांच्यासाठी ही यादी साधी नव्हती. आपल्या पोरीचा फोटो पेपरात आला, चांगल्या कपड्यात, खाली पूर्ण नाव. तो कापून फ्रेम करून भिंतीवर लावायचा. वर्षभर येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचा.

टीनीच्या फोटोंमधली माणसं म्हणूनच बिचारी दिसत नाहीत. गरिबी दाखवायची म्हणून त्यानं कोणाला केविलवाणं उभं केलं नाही. पडकी घरं त्याच्या फोटोंत आहेत, संप आहेत, निदर्शनं आहेत. पण माणूस ताठ उभा आहे आणि थेट कॅमेऱ्यात बघतोय. कारण समोर फोटो काढणारा परका नाही. तो मॅसिओ हॉटेलवाल्यांचा पोरगा आहे, वूगीचा भाऊ आहे, क्रॉफर्ड्सचा जुना खेळाडू आहे.

बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला अशा दारातून आत जायला परवानगी मागावी लागते. टीनीसाठी दार आधीच उघडं असायचं. आणि उद्या सकाळी त्याच रस्त्यानं जायचं असल्यामुळं तो कोणाची बेअब्रू होईल असा फोटो सहज छापून मोकळा होऊ शकत नव्हता. लोकल पेपरात काम करताना हा धाक कायम असतो. काम खोटं ठरलं तर पेपरच्या ऑफिसात पत्र येत नाही, माणूसच घरी येतो.

‘वन शॉट’ हे नाव कसं पडलं?

पिट्सबर्गचे तेव्हाचे महापौर होते डेव्हिड लॉरेन्स. कार्यक्रम म्हटला की फोटोग्राफरचा घोळका आलाच. बाकीचे फोटोग्राफर एक झाला, अजून एक, जरा इकडं बघा, पुन्हा एकदा हसा, असं करत राहायचे. टीनी मात्र यायचा, एक फोटो काढायचा आणि निघायचा. लॉरेन्स यांनीच त्याला ‘वन शॉट’ हे नाव देऊन टाकलं.

यात थोडी ऐट होती. पण त्यामागं कॅमेऱ्याचं गणितही होतं.

टीनीच्या हातात असायचा स्पीड ग्राफिक. जुन्या हॉलिवूड सिनेमांत पत्रकारांच्या हातात मोठा चौकोनी कॅमेरा आणि बाजूला ताटलीसारखा फ्लॅश दिसतो, तोच हा. त्यात रोल नसतो. चार बाय पाच इंचांच्या फिल्मचे सुटे पत्रे असतात आणि एका होल्डरमध्ये दोनच बसतात, एक पुढून आणि एक मागून.

म्हणजे एक फोटो काढला की फिल्मवर झाकण सरकवायचं, होल्डर बाहेर काढायचा, उलटा करून पुन्हा बसवायचा, झाकण काढायचं, शटर परत चढवायचं. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. तो गरमागरम बल्ब काढून नवा लावायचा. हे सगळं होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलेलं असतं.

शिवाय फिल्म आणि बल्ब फुकट येत नाहीत. छोट्या पेपरच्या फोटोग्राफरला दहा काढून एक निवडायची चैन परवडत नाही.

म्हणून सगळं काम बटण दाबायच्या आधी करायचं. कोण कुठं उभं राहील, उजेड कुठून येतोय, कोणाचा चेहरा झाकला जातोय, मागं काय दिसतंय, हे डोक्यात पक्कं करायचं. माणसांना बोलतं करायचं, मोकळं करायचं. आणि मग एकदाच. मोबाइलवर एका सेकंदात वीस फोटो निघण्याच्या काळात हे विचित्र वाटतं, पण टीनीची फोटोग्राफी या एका सवयीवर उभी होती.

स्टार यायचे, पण ते वस्तीत यायचे

टीनीनं मोठ्या माणसांचे फोटो काढले ते त्यांच्या मागं धावून नाही. ती माणसंच हिलमध्ये यायची.

न्यूयॉर्क आणि शिकागोच्या मध्ये प्रवास करणाऱ्या जाझ कलाकारांसाठी पिट्सबर्ग हा सोयीचा मुक्काम होता. गस ग्रीनलीचा ‘क्रॉफर्ड ग्रिल’ हा क्लब त्यांचा ठरलेला अड्डा. गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळायची नाही, त्यामुळं ते उतरायचे वस्तीतल्याच माणसांकडं. वूगी हॅरिसचा होमवूड भागातला मोठा बंगला त्यासाठी प्रसिद्ध होता. याच बंगल्यात १९४१ मध्ये मेरी कार्डवेल डॉसन यांनी कृष्णवर्णीय गायकांसाठी ‘नॅशनल नीग्रो ऑपेरा कंपनी’ सुरू केली.

गायिका आणि अभिनेत्री लीना हॉर्न तर काही काळ पिट्सबर्गमध्येच राहत होती. तिचे वडील तिथं हॉटेल चालवायचे. ड्यूक एलिंग्टनचा उजवा हात मानला जाणारा संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न पिट्सबर्गमध्ये वाढला आणि या दोघांची पहिली भेटही १९३८ मध्ये याच शहरात झाली.

१९६३ च्या जानेवारीत कॅशियस क्ले नावाचा एक तरुण बॉक्सर लढतीसाठी पिट्सबर्गला आला. तोच पुढं मुहम्मद अली झाला. टीनीनं त्याचा फोटो काढला, तो आपल्या आईला दोन्ही हातांवर उचलून घेतानाचा. ठोसा नाही, गुर्मी नाही. आईचा लाडका पोरगा. हा फोटो सुचायला मोठ्या मासिकाचा नाही, लग्नाकार्याचे फोटो काढणारा फोटोग्राफरच लागतो.

जॉन केनेडी आले, रिचर्ड निक्सन आले, मार्टिन ल्यूथर किंग आले. पेपरासाठी टीनीनं सगळ्यांना टिपलं. पण त्याच्या संग्रहात या मोठ्या नावांचं प्रमाण किरकोळ आहे. बाकी सगळी वस्तीच आहे.

युद्ध, दोन विजय आणि मोर्चे

१९४२ च्या सुरुवातीला कुरियरमध्ये एक पत्र छापून आलं. लिहिणारा होता जेम्स थॉम्पसन, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातला तरुण. त्याचा मुद्दा सरळ होता. परदेशात हुकूमशाहीशी लढायला कृष्णवर्णीयांना सांगितलं जातंय, पण घरी त्यांना अर्धाच नागरिक मानलं जातं. मग विजयाचं चिन्ह एक कशाला, दोन हवीत. एक बाहेरच्या शत्रूवर आणि एक घरातल्या अन्यायावर.

कुरियरनं हा मुद्दा उचलून धरला. ७ फेब्रुवारी १९४२ च्या अंकात ‘डबल व्ही’चं चिन्ह छापलं आणि पाहता पाहता ती देशभरातली मोहीम झाली.

मोठी मोहीम वस्तीत कशी दिसते, हे टीनीच्या फोटोंत सापडतं. गणवेशातली पोरं, स्टेशनवर निरोप द्यायला आलेली कुटुंबं. पुढं नोकऱ्यांमधल्या भेदभावाविरुद्धची निदर्शनं, हातात फलक घेतलेल्या बायका. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिलमध्ये जाळपोळ उसळली, तेव्हा आगीत खाक झालेली दुकानंही त्यानंच टिपली. ज्या वस्तीत तो लहानाचा मोठा झाला, तीच ही वस्ती.

आणि अर्धी वस्तीच गेली

पण हिलला सगळ्यात मोठा घाव बसला तो त्याच्या आधी, आणि तो सरकारी कागदावर बसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिट्सबर्ग शहर सुधारायचं ठरलं. धूर कमी करायचा, नदीकाठ नीट करायचा, शहराचा मध्यभाग चकाचक करायचा. त्या आराखड्यात लोअर हिल, म्हणजे टेकडीचा खालचा भाग, झोपडपट्टी ठरवला गेला. घरं जुनी होती, दाटीवाटी होती, हे खरं होतं. पण तिथं माणसं राहत होती, धंदे करत होती.

१९५६ पासून पाडकाम सुरू झालं. सुमारे ९५ एकर जागा मोकळी केली गेली. जवळपास ८ हजार लोकांना घरं सोडावी लागली आणि ४०० हून जास्त धंदे उठले. वायली ॲव्हेन्यूचा खालचा भाग नकाशावरूनच गेला.

त्या जागी १९६१ मध्ये सिव्हिक अरीना नावाचं प्रचंड गोल स्टेडियम उभं राहिलं. भोवती पार्किंग. उठवलेल्या लोकांसाठी पुरेशी घरं काही बांधली गेली नाहीत.

पाडकाम टेकडीवर आणखी वर सरकणार अशी लक्षणं दिसायला लागली, तेव्हा उरलेल्या लोकांनी सेंटर ॲव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोठा फलक लावला. यापुढं पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. ती जागा पुढं ‘फ्रीडम कॉर्नर’ म्हणून ओळखली जायला लागली आणि मोर्चे तिथूनच निघायला लागले.

या सगळ्या काळात टीनी तिथंच होता. पाडायच्या आधीच्या इमारती, पाडताना, पाडल्यावर. त्याच्या डोक्यात काही मोठा प्रकल्प नव्हता. पेपरला फोटो हवा होता आणि तो रोजच्यासारखा काढत होता. पण त्यामुळं झालं असं की, जी वस्ती जमिनीवर उरली नाही ती त्याच्या निगेटिव्हमध्ये उरली.

आज तर ते स्टेडियमही नाही. २०१२ पर्यंत तेही पाडून झालं. टीनीचे फोटो मात्र आहेत.

हिल डिस्ट्रिक्टला जगाच्या नकाशावर नेलं ते ऑगस्ट विल्सन या नाटककारानं. त्याचा जन्म १९४५ मध्ये याच वस्तीत झाला आणि त्याची बहुतेक गाजलेली नाटकं इथंच घडतात. त्याला दोनदा पुलित्झर मिळालं. विल्सनची नाटकं बघून ज्याला ती वस्ती डोळ्यांनी बघावीशी वाटते, त्याला टीनीकडंच यावं लागतं.

म्हातारपणी निगेटिव्ह हातातून गेल्या

१९५० नंतर कुरियरचे दिवस फिरायला लागले. टीव्ही आला. गोऱ्यांच्या दैनिकांनी उशिरा का होईना, कृष्णवर्णीयांच्या बातम्या घ्यायला सुरुवात केली. खप घसरला. १९६६ मध्ये पेपर शिकागोच्या एका प्रकाशकानं विकत घेतला आणि तो ‘न्यू पिट्सबर्ग कुरियर’ झाला.

टीनीनं स्वतःचा स्टुडिओ १९५० च्या दशकातच बंद केला होता. १९७५ मध्ये पेपरचं कामही थांबलं. घरात उरले ते निगेटिव्हचे खोकेच्या खोके. त्याची किंमत काय, हे तोवर कोणालाच कळलं नव्हतं.

१९८६ मध्ये एका स्थानिक माणसानं त्याच्याकडून हा संग्रह घेतला. हातावर थोडी रक्कम टेकवली आणि फोटो विकले जातील तसा वाटा देण्याचं आश्वासन दिलं. टीनी तेव्हा ७८ वर्षांचा होता. फोटो वापरले जायला लागले, प्रदर्शनांत दिसायला लागले. पण ठरलेले पैसे काही येईनात आणि निगेटिव्हही परत मिळेनात.

१९९८ मध्ये हे प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी १२ जून रोजी टीनीचं निधन झालं. तेव्हा तो ९० व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. आयुष्यभराचं काम आपलंच आहे, हा निकाल ऐकायला तो राहिला नाही. निकाल त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाच्या बाजूनं लागला.

२००१ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टनं हा संपूर्ण संग्रह कुटुंबाकडून विकत घेतला.

नावं कोण सांगणार?

संग्रह तर आला, पण एक मोठी अडचण होती. बहुतेक निगेटिव्हवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

कोण आहे, कुठं आहे, कधी आहे, पत्ता नाही. टीनीला लिहायची गरजच पडली नव्हती, कारण त्याला सगळे माहीत होते. पेपरात नाव छापलं गेलं की काम संपलं. पण टीनी गेल्यावर ८० हजार फोटोंतली माणसं अनोळखी झाली.

मग म्युझियमनं एक साधी गोष्ट केली. लोकांनाच विचारलं. फोटो स्कॅन करायचे, हिलमधल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवायचे आणि विचारायचं, ओळखता का?

लोक ओळखायला लागले. हे माझे काका. ही आमची शाळा. हे दुकान वायली ॲव्हेन्यूवर होतं, बाजूला मासळीवाला होता. जुन्या अंकांशी फोटो ताडून बघितले गेले, लोकांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या गेल्या. या कामात पुढं ज्या बाईंनी मोठा वाटा उचलला, त्यांचा स्वतःचा लहानपणीचा फोटोही टीनीनंच काढलेला होता. २०११ मध्ये म्युझियमनं त्याच्या कामाचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं. आज यातले हजारो फोटो ऑनलाइन बघता येतात, आणि नावं जोडायचं काम चालूच आहे.

यात शिकण्यासारखं काय?

एखाद्या लोकल पेपरात उमेदवारी करणाऱ्या पोरासाठी टीनीच्या आयुष्यात दोन गोष्टी आहेत. दोन्ही तेवढ्याच महत्त्वाच्या.

पहिली त्याच्या कामातली. मोठा फोटो काढायला लांब जावं लागतंच असं नाही. ज्या वस्तीत दार न वाजवता आत जाता येतं, तिथले फोटो जगातला दुसरा कोणीही काढू शकत नाही. आज सत्काराचा म्हणून कंटाळत काढलेला फोटो पन्नास वर्षांनी तिथल्या रस्त्याचा, दुकानाच्या पाटीचा, कपड्यांचा आणि गेलेल्या माणसांचा एकुलता एक पुरावा असू शकतो. वस्ती कधी पाडली जाईल, हे फोटो काढताना माहीत नसतं.

दुसरी त्याला बसलेल्या फटक्यातली. फोटोवर नाव, ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहायची. आणि आपलं काम कोणाच्या हातात देताना त्याचे हक्क कोणाकडं राहणार, पैसे कधी आणि कसे येणार, हे कागदावर नीट वाचून मगच सही करायची. टीनीनं जन्मभर दुसऱ्यांचं जपलं. त्याचं स्वतःचं परत मिळवायला मात्र त्याच्या कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली.